मधलं नाव आधीच बसलेलं असतं

शाळेच्या कार्यालयात मी 31 वर्षं जनरल रजिस्टर लिहिलं. त्यामुळे नावांचे प्रश्न लोक मला विचारतात. या वेळची पत्रं सगळी मुलींच्या मधल्या नावाची आहेत.

प्रश्न : मुलगी 4 महिन्यांची आहे. दाखला नावाशिवाय काढलाय. तिच्या बाबांचं नाव अमित. आम्हाला ‘रमा’ आवडलंय, पण ‘रमा अमित’ म्हणताना काहीतरी खटकतं. काय ते कळत नाही. (सातारा)

कळायला सोपं आहे. घाईत म्हणून बघा : ‘रमामित’. शाळेत शिकलेला सवर्णदीर्घ संधी तुमच्या घरात शिरलाय. रमातला आ आणि अमितचा अ एकमेकांना गिळतात. आमच्याकडे एक ‘उमा ईशान’ होती. हजेरी घेताना बाई ‘उमेशान’ म्हणायच्या आणि अख्खा वर्ग ‘उमेश’कडे वळायचा.

मधलं नाव शोधायचं म्हणून लोक नावांची पुस्तकं चाळतात. आपल्याकडे ते शोधायचंच नसतं, ते लग्नाच्या आधीपासून तिथे बसलेलं असतं. निवडायचं ते पहिलं नाव, आणि ते मधल्याच्या मापाने. मुलींची बरीचशी नावं ‘आ’ किंवा ‘ई’वर संपतात. वडिलांचं नाव अ, आ, इ, उ अशा स्वराने सुरू होत असेल तर ‘आ’वर संपणारं पहिलं नाव टाळावं, आणि ते इ-ईने सुरू होत नसेल तर ‘ई’चं घ्यावं. ‘गौरी अमित’, ‘सई अमित’. जीभ मध्ये आपोआप हलकासा ‘य’ टाकते आणि दोन्ही नावं सुटी राहतात. व्याकरण तिथेही संधी करून दाखवेल, पण हजेरी व्याकरणाने घेत नाहीत.

वडिलांचं नाव व्यंजनाने सुरू होत असेल तर हा त्रास नाही, फक्त तेच अक्षर लागोपाठ येऊ देऊ नका. ‘स्वरा राजेश’, ‘गायत्री त्रिंबक’ ही त्याची उदाहरणं. ‘अनया यतीन’ तर एका दमात म्हणून दाखवाच.

घाई करू नका. जन्मनोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तोवर रोज एक नाव घेऊन तिला हाक मारा, तीही जिन्यातून, मोठ्याने.

प्रश्न : आता आईचं नावही लावायचं म्हणतात. सुनेचं नाव प्रियदर्शिनी, मुलाचं ज्ञानेश्वर, आडनाव पाच अक्षरी. नातीचं नाव मालगाडीसारखं होणार. शिवाय आईचं नाव लावलं की बाप नाही असं लोकांना वाटतं, त्याचं काय? (नाशिक)

आधी नियम. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्र शासनाने क्रम ठरवून दिलाय : बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. शाळेचे कागद, परीक्षेचे अर्ज, मालमत्तेचे दस्त असं सगळीकडे. वडिलांचं नाव कुठेही जात नाही, फक्त एक घर पुढे सरकतं. तेव्हा ‘बाप नाही’ हा गैरसमज नाव पूर्ण वाचलं की तिथेच मिटतो.

आणि आजी, तुम्ही नाशिकच्या. पांडवलेणी तुमच्या उशाशी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिच्या मुलाच्या पराक्रमाचं वर्णन करणारा. तो मुलगा म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. पुढचा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. (‘गौतमी’, ‘वासिष्ठी’ ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं, हाक मारायची नव्हेत, एवढा बारकावा लक्षात ठेवावा.) सातवाहन आईकडून ओळख सांगत होते आणि राजा बिनबापाचा आहे असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मालगाडीचं म्हणाल तर इंजिन लहान ठेवा. प्रियदर्शिनी आणि ज्ञानेश्वर दोन्ही लांब, म्हणून पहिलं नाव दोन अक्षरी घ्या : सई, जुई, रेवा, ओवी. ‘सई प्रियदर्शिनी ज्ञानेश्वर’ ऐकायला छान डौलदार आहे. ‘शर्मिष्ठा प्रियदर्शिनी ज्ञानेश्वर’ म्हणताना मात्र शिक्षकांना मध्ये पाणी प्यावं लागेल. नावरसात ‘श’ आलाय म्हणून शर्मिष्ठाच हवी असा हट्ट असेल तर ते पाळण्यातलं नाव राहू द्या. आत्याने कानात ‘कुर्रर्र’ केलं, पाठीवर धपाटे खाल्ले की त्याचं काम झालं. दाखल्यावर सईच.

प्रश्न : इंग्रजी आद्याक्षरांचा विचार करावा का? (पुणे)

करावा. ‘रेवा अश्विनी तुषार’ची आद्याक्षरं आर, ए, टी. डब्यावर ती लिहिलीत की पहिलीतल्या पोरांना उंदीर सापडलाच.

प्रश्न : मी एकटी आई आहे, लग्न झालेलं नाही. मुलीला फक्त माझं नाव लावता येईल का? शाळेत सारखं विचारतात. (ठाणे)

येईल. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की तिने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावा, वडिलांचं नाव सांगायची सक्ती करू नये. पासपोर्टच्या अर्जातही 2016 च्या अखेरीपासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव चालतं.

कारकून म्हणून एक सांगते. रजिस्टरचा रकाना रिकामा दिसला की आमच्यातला माणूस बोट ठेवून ‘इथे काय लिहू?’ असं विचारतो. बऱ्याचदा त्यात कुचेष्टा नसते, सवय असते. तुम्ही आवाज न चढवता ‘आईचं नाव’ एवढंच म्हणा आणि दाखल्याची प्रत पुढे सरकवा. कारण सांगत बसू नका, कारणासाठी रकाना नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. मुलगी ‘मीरा’. इथे मधलं नाव आपल्या मर्जीचं. वडिलांचं ‘प्रशांत’ लावावं की माझ्या आजीचं? आजी माहेरची द्वारका, सासरची शालिनी. पुढे ओसीआय कार्डाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) अडचण येईल का?

अडचण नाही. अमेरिकन पासपोर्टवर जे नाव, तेच ओसीआयवर. आईवडिलांची नावं अर्जात वेगळी विचारतात, त्यामुळे प्रशांतरावांचं नाव मधे लिहिलं नाही म्हणून नातं तुटत नाही. उलट तिकडच्या शाळेत ‘मीरा प्रशांत’ म्हणजे काय, हे तिला दर वर्षी समजावत बसावं लागेल.

आता आजी. ‘मीरा शालिनी’ गोड आहे, तिथल्या लोकांनाही पेलेल. पण शालिनी हे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून दिलेलं, कदाचित तिला न विचारता. आणि मीराबाई शेवटी कुठे गेली म्हणतात? द्वारकेला. तिथल्या रणछोडरायाच्या मूर्तीत ती विलीन झाली, अशी कथा आहे. ‘मीरा द्वारका’ इतकी चपखल जोडी मला 31 वर्षांत रजिस्टरमध्ये मिळाली नाही. ‘द्वा’ उच्चारताना तिकडे गडबड होईल, होऊ दे. मधलं नाव तिथे बहुतेक वेळा एका अक्षरापुरतं उरतं.

आजी असतील तर मात्र आधी फोन करा. त्यांना कुठलं आवडतं ते त्या सांगतील.

प्रश्न : पासपोर्टच्या अर्जात मधल्या नावाचा रकानाच नाही. काय करायचं? (कोल्हापूर)

आडनावाचा एक आणि बाकी नावाचा एक, असे दोनच रकाने आहेत. मधलं नाव लावायचं असेल तर पहिल्या नावासोबत त्याच रकान्यात. विमानाच्या तिकिटावर ‘राधामिलिंद’ असं सलग छापून आलं तर घाबरू नका, ती तिकिटांची रीत आहे. खरी काळजी स्पेलिंगची. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दाखल्यावर आई ‘दीपाली’ दोन ‘ई’ची आणि आधारवर एका ‘आय’ची असली, तर ती दुरुस्ती बाळ रांगायच्या आत करून घ्या.

प्रश्न : लग्नानंतर मधलं नाव बदलणारच, मग एवढा खल कशाला? (लातूर)

बदलणारच, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाही. आमच्या रजिस्टरात जे नाव पडलं ते दहावीच्या गुणपत्रिकेवर गेलं, तिथून पदवीवर, नोकरीवर. माझं स्वतःचं पेन्शनचं पुस्तक बघा. त्यावर अजून वडिलांचंच नाव आहे.