पहिला धडा फॉर्मच्या फोटोपासून

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तंत्रज्ञानाशी नव्याने ओळख होणाऱ्या मुलांसाठी मराठीत संकेतस्थळ उभारण्याचा तुझा आराखडा मी दोनदा वाचला. सुरुवातीच्या पानावर सरकती चित्रे, त्यानंतर नोंदणी आणि मग संगणकाच्या इतिहासापासून सुरू होणारे चौदा धडे, अशी त्याची मांडणी आहे. तू घेतलेले श्रम त्यात दिसतात; पण ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे ती मला त्यात कुठेच दिसली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी अकोले तालुक्यातील एका शाळेत मी आठवीतल्या एका मुलीशेजारी बसले होते. तिच्या हातात वडिलांचा मोबाइल होता आणि मी तयार केलेला धडा त्यावर उघडलेला होता. धड्याच्या शेवटी मी लिहिले होते, ‘होमवर जा’, म्हणजे संकेतस्थळाच्या मुख्य पानावर. तिने क्षणभर विचार केला आणि मोबाइलच्या खालच्या कडेचे गोल बटण दाबले. पान नाहीसे झाले. तिने मोबाइल हळूच बाकावर ठेवला, हात मागे घेतला आणि म्हणाली, “बाई, माझ्याकडून बिघडलं.” सांगितले तेच तिने केले होते, कारण तिच्या ओळखीचे ‘होम’ तेवढे एकच होते. नवखे मूल तक्रार करत नाही. ते दोष स्वतःकडे घेते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्या दिवसापासून मी ‘होम’ हा शब्द सोडला आणि बटणावर ‘सगळ्या धड्यांची यादी’ असे सरळ लिहू लागले. तुझ्या आराखड्यात कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यांच्याखाली ‘यादी’ हा शब्द घाल. त्या रेघा दाबायच्या असतात हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही.

आता धड्यांच्या क्रमाविषयी. संगणकाचा इतिहास मोलाचा आहे, परंतु तो पहिला नको. दहावीनंतर या मुलांना अकरावीच्या प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथे फोटो कधी कधी ५० केबीच्या आत मागतात. मोबाइलने काढलेला फोटो मात्र ३ एमबीचा, म्हणजे साधारण ३,००० केबीचा असतो. मग घरचे लोक तालुक्याच्या गावी नेट कॅफेत जातात, पैसे मोजतात आणि पासवर्डही त्याच माणसाच्या वहीत लिहून येतात. तुझा पहिला धडा इथून सुरू होऊ दे: फोटो मोबाइलमध्ये कुठे साठतो, त्याचा आकार किती आहे हे कसे पाहायचे, तो लहान कसा करायचा, आणि डाउनलोड केलेली पावती नंतर कुठे सापडते. या एका कामात फाइल, फोल्डर, केबी आणि एमबी हे सगळे आपोआप येते, आणि गरजेपोटी शिकलेले असल्यामुळे ते लक्षातही राहते. दुसरा धडा ओटीपी आणि पासवर्डचा घे. ते कोणालाही का सांगायचे नाहीत, हे नेट कॅफेतल्या त्या वहीच्या उदाहरणाने समजावता येईल.

सरकती चित्रे काढून टाक. युनिकोडमधील, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतातील, देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेते; साधारण हजार बाइटचा एक केबी होतो. तरीही सहाशे शब्दांच्या धड्याचा मजकूर जेमतेम १२ केबी भरतो, आणि कॅमेऱ्यातून आला तसा ठेवलेला एकच फोटो अशा अडीचशे धड्यांएवढा होतो. वडील संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास मोबाइल मिळतो, त्यांच्या डेटा पॅकमधले उरलेले नेट मिळते आणि रेंज उंबऱ्याशी येते, अशा घरात ते पान उघडायचे आहे. एकदा उघडलेला धडा नेट नसतानाही दिसावा, अशी सोय अवश्य कर.

देवनागरीबाबत मात्र मी हट्टी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने साहित्य शिक्षकांकडून तुझ्याकडे येईल. ते चित्र म्हणून चिकटवू नकोस, पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करून घे. चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याचा टॉकबॅकही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी मोबाइलमधली सोय, तो नीट वाचून दाखवील याची खात्री नसते. पानाच्या संहितेत, म्हणजे कोडमध्ये, भाषा मराठी असल्याची खूण कर, म्हणजे वाचणारा आवाज मराठी निवडला जातो आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. शीर्षक देखणे करण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवू नकोस. इंग्रजीत ते शोभते, पण आपली शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये दीडपट तरी जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फिकट राखाडी अक्षरे तर नकोतच. उन्हात बसून वाचणाऱ्या मुलाला ती दिसणार नाहीत; मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ एवढा फरक असावा, असे वेबच्या सुगमतेचे मानकही सांगते.

नोंदणीचे पान मला मुळीच पटलेले नाही. धडा वाचण्यासाठी मुलाचे नाव, शाळा आणि मोबाइल क्रमांक कशाला हवा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे, आणि मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात अपेक्षित आहे. ती जबाबदारी पेलण्यापेक्षा माहिती न मागणे उत्तम.

बाकीचे तेरा धडे सध्या बाजूला ठेव. फोटोचा एकच धडा पूर्ण कर, तुमच्या गल्लीतल्या ज्या मुलीने तो विषय कधी पाहिलेला नाही तिच्या हातात दे, आणि शेजारी बसून एक शब्दही बोलू नकोस. तिचे बोट कुठे थांबले, कोणता शब्द तिने दोनदा वाचला आणि कुठे तिने तुझ्याकडे पाहिले, एवढे कागदावर टिपून मला पाठव. तो कागद पाहून आपण दुसरा धडा लिहायला घेऊ.

तुझी,
बाई