गोव्यात मोरजीला काइटसर्फिंगची काइट एकट्याने लाँच आणि लँड करायला शिकता येईल का?

नाही, सुरुवातीला तरी एकट्याने नको. काइट, म्हणजे तुम्हाला पाण्यावर ओढणारा मोठा पतंग, धरायला जाणता माणूस हवाच. मोरजीत मी तेच काम करतो, आणि सगळी गडबड जागा चुकल्याने होते. हिवाळ्यात दुपारी इथे वायव्येचा वारा सुटतो, समुद्राकडून किनाऱ्यावर तिरका. काइट तुमच्यापासून थेट वारा जातो त्या दिशेला असेल तर ती पूर्ण जोराने ओढते आणि तुम्ही शॅकच्या खुर्च्यांत! म्हणून ती वाऱ्याशी जवळपास काटकोनात, पाण्याच्या बाजूला धरायला सांगा. कापड फडफडलं तर तुम्हीच वारा येतो त्या बाजूला दोन पावलं सरका. ते ताणलं गेलं की मगच अंगठा वर, आणि काइट सावकाश वर न्या. उतरवताना डोक्यावर तळवा थोपटून खूण करा, काइट पाण्याच्या बाजूनेच हळूहळू खाली आणा; मदतनिसाने पुढची फुगीर कड पकडली की त्याच्याकडे चालत जा, म्हणजे दोऱ्या सैल पडतात. हे सगळं करण्याआधी क्विक रिलीज (धोका वाटला की काइटचा जोर झटकन सोडणारी कळ) डोळे मिटून सापडेपर्यंत घोटा. हे सगळं दुपारच्या वाऱ्यापुरतं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर मदतनीस असला तरी काइट उघडू नका.