नदीकाठी डबा कुठे उघडावा?

प्रश्न : आम्ही चार महिन्यांपूर्वी लातूरहून हडपसरला मुलाकडे राहायला आलो. तिकडे मांजरेच्या काठी बसून डबा खायची सवय. इथे नदीकाठी जायचं म्हटलं की सून नाक मुरडते. सात वर्षांच्या नातवाला घेऊन रविवारी कुठे जावं? माझे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.
— एक आजी, हडपसर

उत्तर : आजी, सूनबाईंचं नाक खोटं बोलत नाही. मुळा आणि मुठा संगमाला एक होतात आणि शहराचं सांडपाणी पोटात घेऊनच तुमच्या बाजूला येतात. तरीही जा. फक्त नदी बघायची एकीकडे आणि डबा उघडायचा दुसरीकडे.

बघायला कवडी गावचा नदीकाठ. सोलापूर रस्त्यानं तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटर, कवडीपाटच्या जुन्या टोलनाक्याजवळून डावीकडे नदीकडे वळायचं. गाडी पाण्याच्या बरीच जवळ जाते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. डिसेंबर-जानेवारीत जा आणि सात वाजता तिथे हजर राहा. दहानंतर गेलात तर कचराच जास्त दिसेल. बंधाऱ्याखाली फेस साचलेला असतो, जलपर्णीत प्लॅस्टिक अडकलेलं असतं आणि त्यातच तांबूस-केशरी चक्रवाकांच्या जोड्या डुलत असतात. हिमालयापलीकडून येऊन यांना हेच पाणी आवडावं, याचं मला पहिल्यांदा फार वाईट वाटलं होतं. पण घाणीवर किडे पोसले जातात आणि किड्यांवर पक्षी. नातवाला चित्रबलाक दाखवा. चोच अर्धी उघडी ठेवून तो ती पाण्यात फिरवत राहतो. मासा दिसायची वाट बघत नाही, चोचीला लागला की मिटलीच. गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे आणि सतत शेपटी आपटणारे धोबी पोराला न सांगताच सापडतील. दुर्बीण नसली तरी चालतं.

डबा मात्र तिथे उघडू नका. एकदा मी नणंदेला हौसेनं घेऊन गेले आणि बंधाऱ्याजवळच दशम्या काढल्या. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिनं न बोलता झाकण लावलं. अजूनही घरात नदीचा विषय निघाला की ती माझ्याकडे बघते.

तिथून पुढे थेऊरला जा. चिंतामणीचं दर्शन घ्या, तिथेही नदी हीच. थोरले माधवराव पेशवे 1772 साली याच देवळाच्या आवारात वारले आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. त्यांचं वृंदावन नदीकाठी आहे. नातवाला एवढं सगळं सांगू नका, सूनबाईंना सांगा. मग सावली बघून, पाण्यापासून जरा लांब चटई टाका. धपाटे आणि शेंगाची चटणी आणणार असाल, तर दही वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घ्या, गाडीत सांडतं. चतुर्थीचा दिवस मात्र टाळा, बसायला जागा मिळणार नाही.

आणि पावसाळ्यात वरच्या खडकवासला धरणातून पाणी सोडलं असेल, तर कवडीकडे फिरकूच नका. एरवीही पोराचा हात सोडू नका आणि पाण्यात पाय बुडवू देऊ नका. मांजरेवर चालत असेल, इथे नको.