अभ्यासक्रम बदलला की आयटीआयमधल्या प्रशिक्षकाची नोकरी जाते का?

नाही, कायम नोकरीतल्याची जात नाही. वाढते ती तयारी. मी इंदूरला फिटर ट्रेड शिकवतो (आमच्याकडे पदाचं नाव ट्रेनिंग ऑफिसर, महाराष्ट्रात निदेशक). ऑगस्ट २०१८ पासून सेमिस्टर जाऊन वार्षिक पद्धत आली, तेव्हा लेसन प्लॅन, प्रात्यक्षिकांचा क्रम, जॉबची (मुलं कार्यशाळेत बनवतात त्या वस्तूंची) ड्रॉइंग्ज, सगळं नव्यानं मांडावं लागलं. नवं हिंदी पुस्तक हाती येईपर्यंत नोट्सही स्वतःच काढायच्या, कारण तेवढ्यात मुलांचं वर्ष सरतं. खरी झळ मात्र मेहमान प्रवक्त्यांना (कायम नसलेल्या, अतिथी प्रशिक्षकांना) बसते: मानधन तासांवर, त्यामुळे विषयाचे तास घटले की कमाईही घटते. तुमची नेमणूक तशी असेल तर भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर आपल्या ट्रेडचा नवा अभ्यासक्रम उघडून तास आधी मोजा.