सिंह, साप आणि दोन दिनार : पवित्र शास्त्रातली प्रतीके

प्रश्न : बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात येशूला 'यहूदा वंशाचा सिंह' म्हटले आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो. मग सिंह नक्की कोणाचे प्रतीक?

उत्तर : दोघांचेही. एका जागी सिंहाचे राजेपण घेतले आहे, दुसऱ्या जागी त्याची भूक. खमिराचेही (पीठ फुगवणारे आंबवण) तसेच. मत्तय १३ मध्ये स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे, तर प्रेषित पौल करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना जुने खमीर काढून टाकायला सांगतो. त्या वचनात वस्तूचा कोणता गुण कामाला लावला आहे, ते आधी पाहा.

प्रश्न : चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च), असे प्रवचनात ऐकले. हे मूळ वचनात आहे का?

उत्तर : लूकच्या शुभवर्तमानातल्या या दाखल्यात लुटारूंनी जखमी केलेल्या एका माणसाला शोमरोन प्रांतातला एक परका माणूस, म्हणजे शोमरोनी, उतारशाळेत नेतो आणि त्याच्या देखभालीसाठी दोन दिनार, म्हणजे दोन नाणी, देतो. उतारशाळा म्हणजे मंडळी हे मूळ वचनात नाही, पण ही परंपरा फार जुनी आहे. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरूने जखमी माणसाला आदाम मानले, शोमरोन्याला ख्रिस्त, उतारशाळेला मंडळी आणि तिच्या रखवालदाराला चक्क पौल! दोन दिनार म्हणजे त्याच्या मते देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या दोन आज्ञा. त्याच्या आधीच्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला त्याच दोन नाण्यांत पिता आणि पुत्र यांचे ज्ञान दिसले. दोघेही थोर, पण नाण्यांचा अर्थ एक नाही. कथेत ते पैसे जखमी माणसाच्या देखभालीसाठी दिलेले आहेत, एवढेच लूक सांगतो.

मला या जुन्या वाचनांबद्दल मनापासून आदर आहे. मनन म्हणून ती सुंदर आहेत. पण त्यांच्या नादात दाखल्याची धार बोथट होते, आणि तिथे मी अडतो. 'माझा शेजारी कोण?' या शास्त्र्याच्या प्रश्नावर येशू ही गोष्ट सांगतो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात वैर होते. शेवटी 'शेजारी कोण ठरला?' असे विचारल्यावर शास्त्री शोमरोनी हा शब्दही उच्चारत नाही; 'ज्याने दया केली तो' एवढेच म्हणतो. हे हातून निसटले, तर उतारशाळेचा गूढार्थ घेऊन काय करायचे? तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मपंडितानेही सांगून ठेवले की बाकीचे सगळे अर्थ शब्दार्थाच्या पायावरच उभे राहतात.

प्रश्न : प्रकटीकरण १३ मध्ये श्वापदाची संख्या ६६६ दिली आहे. हे ६६६ म्हणजे कोण?

उत्तर : हिब्रू अक्षरांना अंकमूल्ये असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमी सम्राट नीरो, ही अक्षरे हिब्रूत मांडली की बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. नेरोनमधला शेवटचा न, म्हणजे ५०, वगळला की तेवढेच उरतात. नीरोचा हा उलगडा मला सर्वांत पटतो. आजच्या पुढाऱ्यांच्या नावांची बेरीज करत बसू नका.

प्रश्न : साप म्हणजे सैतान, तर योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःची तुलना सापाशी का करतो?

उत्तर : तुलना सापाच्या स्वभावाशी नाही, त्याला उंच करण्याशी आहे. गणना २१ मध्ये सर्पदंशाने लोक मरत असताना मोशे पितळेचा साप खांबावर टांगतो आणि त्याच्याकडे पाहणारा जगतो. वधस्तंभावर उंच केलेल्या येशूवर विश्वास ठेवणाराही जगतो, हे योहानाला सांगायचे आहे. (उत्पत्ती ३ मधल्या सापालाही तिथे कुठे सैतान म्हटलेले नाही, ती ओळख प्रकटीकरण १२ देते.) त्या पितळी सापाचे पुढे काय झाले, तेही जरूर वाचा. २ राजे १८ मध्ये लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागलेले दिसतात, आणि हिज्कीया राजा मोशेने घडवलेला तो साप फोडून त्याचे तुकडे करतो.