दुसऱ्या मजल्यावर राहतो, तरी फायरच्या कामाचे १,२०,००० भरायचे का?

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, खासगी कंपनीतून निवृत्त. मुलुंडला १९९९ सालच्या चौदा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. अग्निशमन दलाची नोटीस आल्याने सोसायटी पंप, पाइप आणि स्प्रिंकलरचं काम काढतेय. एस्टिमेट ७२ लाख अधिक जीएसटी. सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून) १८ लाख घेऊन उरलेले ५६ फ्लॅटमध्ये वाटले, म्हणजे प्रत्येकी १,२०,०००, चार हप्त्यांत. मुलगा म्हणतो, चार वर्षांत रिडेव्हलपमेंट होईल, कशाला भरता? माझे पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख (सव्वादोन वर्षं झाली, व्याज ८.२ टक्के), एफडी ६ लाख आणि म्युच्युअल फंडात १४ लाख आहेत. फंडातून महिन्याला ८,००० काढतो, पेन्शन ३,२००. मेडिक्लेम ५ लाखांचा. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे. पोस्टातले मोडून भरू की थांबू? शिवाय हॉलचं पीओपी तीन वर्षांपूर्वीच केलंय, ते फोडावं लागणार.

उत्तर: भरा. पण पोस्टातल्या पैशांना हात लावू नका.

आधी ‘थांबू का’ याबद्दल. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे. नोटीस दिल्यावरही काम झालं नाही, तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते. खटला भरून दोष सिद्ध झाला, तर किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास आहे. सर्वसाधारण सभेने ठराव केला की तुमच्या वाट्याची रक्कम थकबाकी म्हणून नावावर चढते, उपविधीतल्या दराने व्याज लागतं आणि सोसायटी उपनिबंधकांकडून वसुली दाखलाही आणू शकते. फ्लॅट विकायला काढलात तरी ती बाकी आधी चुकती करावी लागेल. थांबल्याने हा खर्च टळत नाही, उलट व्याजाने वाढतो.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. इमारत खरंच पाडणार असेल तर नव्या पाइपांवर पैसे घालणं जिवावर येतं. पण तुमची इमारत चौदा मजली आहे. अशा इमारतीत बराचसा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क) वापरून झालेला असतो, त्यामुळे चार मजली इमारतीसाठी बिल्डर जशी उडी मारतात तशी इथे मारत नाहीत. पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमणं, टेंडर, सभासदांची संमती, करारनामा, महापालिकेच्या मंजुऱ्या यांत वर्षं जातात, आणि तोवर तुम्ही याच घरात झोपणार आहात. रिडेव्हलपमेंटचा करार सही होऊन घर रिकामं करायची तारीख हातात असती, तर मीही ‘फक्त पंप आणि पाइप चालू करून घ्या, बाकीचं अग्निशमन दलाशी बोला’ म्हटलं असतं. नुसत्या चर्चेवर असा निर्णय घेऊ नका.

‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय गरज’ असा सूर शीर्षकातल्या प्रश्नात आहे. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीला आग लागली, ती खालच्या पार्किंगमध्ये. धूर वर चढला आणि किमान सात जण गेले. तुमच्याकडेही मीटर रूम आणि पार्किंग तळमजल्यावरच असणार, म्हणजे सगळ्यात जवळ तुम्ही. वहिनींना लिफ्ट बंद असताना, धुराने भरलेल्या जिन्यातून, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले उतरायचे आहेत, हे डोळ्यांसमोर आणा. मला तरी हिशेबात ही गोष्ट सगळ्यात आधी दिसते.

आता पैसे कुठून. सीनियर सिटिझन स्कीमचं खातं अर्धवट मोडता येत नाही, सगळं बंद करावं लागतं. दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केलं, तर मुद्दलाच्या १ टक्का कापतात. एकाच खात्यात ३० लाख असतील तर सव्वा लाखासाठी ३०,००० गेले. शिवाय दर तिमाहीला येणारे ६१,५०० थांबतील, आणि त्यावरच तुमचं घर चालतं. पर्सनल लोन तर मुळीच नको, निवृत्तीत ईएमआय मागे लावून घेऊ नका.

पहिले दोन हप्ते एफडीतून द्या. बँकेत विचारा, बऱ्याच बँका एफडीतली थोडीच रक्कम मोडू देतात. ५,४०,००० उरतील, मेडिक्लेम हाताशी आहे, एवढी ऊब पुरेशी आहे. पुढचे दोन हप्ते फंडातून. फंड करासाठी इक्विटी प्रकारात मोडत असेल, तर वर्षाला १,२५,००० पर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, आणि ६०,००० काढताना त्यातला नफा त्या मर्यादेत बसण्याची शक्यता मोठी आहे. सगळे १,२०,००० फंडातूनच काढले असते, तर वर्षाचे ९६,००० हे उरलेल्या रकमेच्या साडेसात टक्के झाले असते. ६०,००० काढल्यावर ते सातच्या थोडं वर जाईल आणि मला तेही थोडं जास्तच वाटतं. त्यामुळे जमलं तर वर्षभर ८,००० ऐवजी ७,००० काढा.

सोसायटीचा हिशेब मी करून पाहिला. ७२ लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६,०००, त्यातून १८ लाख वजा, भागिले ५६, म्हणजे १,१९,५७१. आकडा बरोबर आहे. पण ७२ लाख हाच आकडा बरोबर आहे का, हे सभेत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीतल्या परवानाधारक एजन्सींची किमान तीन कोटेशन्स मागा. नोटिशीत काय मागितलंय आणि कोटेशनमध्ये काय आहे, हे ओळीला ओळ लावून पाहा. नोटिशीत नसलेलं काहीतरी घुसवलेलं मी अनेकदा पाहिलंय. शेवटचे १० ते १५ टक्के पैसे फॉर्म ‘ए’ (काम नियमानुसार झाल्याचा एजन्सीचा दाखला) हातात आल्यावर आणि चाचणी झाल्यावरच द्यायचे, असं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

चाचणी म्हणजे चौदाव्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून पाहणं. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोचा दाब दिसला पाहिजे. आमच्या स्वतःच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी अकराव्या मजल्यावरचं चाक फिरवलं, तर तांबूस पाण्याची करंगळीएवढी धार आली आणि तीही थांबली. होजच्या लाल पेटीत केरसुण्या होत्या, पितळी नोझल कधीच चोरीला गेलं होतं. तेव्हाही दर सहा महिन्यांनी कागद मात्र नियमित जात होते. त्या दिवसापासून मी अशा कामाच्या बिलापेक्षा दाबाच्या काट्यावर जास्त विश्वास ठेवतो.

एक खर्च तुमच्या पत्रात नाही. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून फॉर्म ‘बी’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्यासाठी देखभालीचं वार्षिक कंत्राट लागेल आणि मेंटेनन्स वाढेल. किती, ते आजच विचारून महिन्याच्या बजेटात धरा. सोसायटीची इमारतीसाठी आगीची पॉलिसी आहे का, हेही विचारा. घरातल्या सामानासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी बघा.

राहिला पीओपीचा प्रश्न. स्प्रिंकलरने घरभर पाणी होईल, ही भीती काढून टाका. प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे स्प्रिंकलरच्या छतातल्या तोंडात, काचेची छोटी कुपी असते. घरात सहसा लावतात ती लाल कुपी ६८ अंशांच्या आसपास फुटते, आणि जिथे फुटते तिथलंच हेड पाणी सोडतं, बाकीची बंदच राहतात. मात्र हेड छताच्या खाली उघडं राहिलं पाहिजे. पीओपीवाला ते झाकेल, रंगारी त्यावर ब्रश फिरवेल, मग ते वेळेवर उघडेलच असं नाही. काम चालू असताना स्वतः खुर्ची टाकून समोर बसा. छत पूर्ववत करण्याचा खर्च सोसायटीच्या एस्टिमेटमध्ये आहे का, हे पहिला हप्ता देण्याआधी लेखी विचारा. नसेल, तर तुमच्या १,२०,००० च्या वर ते पैसे वेगळे काढून ठेवा.