हात कोणाचे ठेवून घेशील

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. घरातली प्रार्थना सभा आता पत्र्याच्या शेडमध्ये भरते आणि दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला गेली तरी रविवारची उपासना चुकत नाही, हे वाचून बरं वाटलं. पण खरा प्रश्न तू शेवटच्या दोन ओळींत घातलास. लोक पास्टर म्हणतात, हातात कागद नाही, आणि मोबाईलवर एक अमेरिकी संस्था पैसे भरले की ऑर्डिनेशनचं सर्टिफिकेट देते, ते घेऊ का? वर मे महिन्यात मंडळीतल्या एका मुलीचं लग्न आहे आणि तिचे वडील म्हणतात, तुम्हीच लावा.

सर्टिफिकेट घेऊ नकोस. आणि लग्न तर लावूच नकोस.

दीक्षा, म्हणजे ऑर्डिनेशन, मंडळी म्हणजे चर्च देतं; लग्न लावायचा अधिकार कायदा देतो. आपल्यातले निम्मे लोक इथेच गल्लत करतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे, त्याचं पाचवं कलम वाच. बिशपच्या हातून दीक्षा झालेला पाळक आपल्या चर्चच्या रीतीने लग्न लावू शकतो, त्याला वेगळा परवाना लागत नाही. म्हणून सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) पाळकांना, कॅथलिक फादरना कुणी परवाना विचारत नाही. (स्वतंत्र मंडळ्यांत बिशपचे जांभळे शर्ट एवढे का वाढले, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. स्वतःच बिशप झालेल्या माणसाने दिलेल्या दीक्षेवर कुणाच्या संसाराचा भार टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.) बिशपची दीक्षा नसलेल्या तुझ्यामाझ्यासारख्यांना राज्य सरकारचा परवाना लागतो, आणि सरकार तो काढूनही घेऊ शकतं. सहाव्या कलमाचा परवाना धर्मसेवकाला मिळतो. नवव्या कलमाचा मिळाला, तर वधू-वर दोघंही भारतीय ख्रिस्ती असतील तेवढीच लग्नं त्यावर चालतात.

अधिकार नसताना लग्न लावलं तर अडुसष्टाव्या कलमात १० वर्षांपर्यंत कैद आहे. तुझी कैद बाजूला ठेव. चौथ्या कलमाप्रमाणे ते लग्नच रद्दबातल ठरतं. उद्या नवरा गेला, जमिनीला किंवा पेन्शनला नाव लावायची वेळ आली, की ती पोरगी तुझा कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवणार.

धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला म्हणजे पास्टरकीचा शिक्का मिळाला, असंही कुणी सांगेल. ट्रस्ट जरूर नोंदव, शेडची जागा कुणा एकाच्या नावावर राहू नये म्हणून. लग्नाशी त्याचा संबंध नाही.

आता दीक्षेचं. संप्रदायाबाहेर उभं राहणं आपल्याकडे नवीन नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही स्वतंत्र चळवळ मांडलीच की. पण रेव्हरंड ते त्याआधीच झाले होते, वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर काम करून. बायबलात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना सेवेला पाठवताना त्यांच्यावर हात ठेवले, तेही त्यांना ओळखणाऱ्या, त्यांच्याबरोबर उपास केलेल्या माणसांनी. तुझी बायको तुझ्याबद्दल काय म्हणते, दानपेटी कोण उघडतं, गेल्या पावसाळ्यात तू कुणाशी भांडलास, यातलं त्या अमेरिकी संस्थेला काय ठाऊक? माझी कसोटी एकच आहे. उद्या तू वाकडा वागलास तर तुला समोर बसवून दीक्षा काढून घेण्याची ज्यांची धमक आहे, त्यांच्याकडूनच ती घे.

आजूबाजूच्या तालुक्यांतले दोन-तीन जुने पास्टर बघ. त्यांतला एक तरी संप्रदायातल्या चर्चचा असू दे. त्यांना वर्षभर तुझ्या सभेत येऊ दे, न सांगता सुद्धा. त्यांनी शास्त्रावर प्रश्न विचारावेत, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तुझ्या माघारी विचारावं, हिशेबाची वही बघावी. शिक्षणही सोडू नकोस. सेरामपूरच्या सिनेटची धर्मशास्त्राची पदवी असो की पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतला अभ्यासक्रम, परवान्याचा अर्ज करताना असा कागद दाखवायला बरा पडतो, आणि बायबलातल्या रोमकरांस पत्रावर चार रविवार बोलायची वेळ आली की त्याहून बरा पडतो. मात्र परगावचा कुणी पाहुणा एका दिवसात दीक्षा आणि मानद डॉक्टरेट दोन्ही देतो म्हणाला, तर त्याला चहा पाज आणि एसटीत बसवून दे.

जुन्या चर्चशी संबंध ठेव म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. दफनभूमी त्यांच्या ताब्यात असते. रात्री नऊला मंडळीतली म्हातारी गेली आणि सकाळी जागेसाठी कमिटीच्या सेक्रेटरीच्या दारात उभं राहायचं असलं, तर त्या घरी तू आधी दोनदा जेवलेला बरा. मागच्या वर्षी त्यांच्या पाळकांवर भर सभेत टीका केलीस ना? नाताळच्या आधी जाऊन भेटून ये.

परवाना हातात आला तरी कायदा सुटत नाही. मुलगा २१, मुलगी १८. वय टीसीवर स्वतः बघायचं, बापाच्या तोंडावर जायचं नाही. दोन साक्षीदार, रजिस्टरवर सह्या. आणि विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत. आपल्याकडे वरात पारावर नाचत बसते आणि पावणेसात कधी होतात कळत नाही. नवरदेवाच्या मामाला हे आठ दिवस आधी सांगून ठेवायचं.

राहिलं मे महिन्यातलं लग्न. मुलगा बौद्ध घरातला आहे, विश्वासात आलेला नाही, असं तू लिहिलंस. माझा परवाना नवव्या कलमाचा, तेव्हा मीही ते लावू शकत नाही. त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांकडे लग्न करावं. नोटीस ३० दिवसांची असते, म्हणून पत्रिका छापायच्या आधी अर्ज जायला हवा. नोंदणी झाली की शेडमध्ये प्रार्थना तू कर, हवी तेवढी लांब कर. मुलीच्या वडिलांना हे सगळं तू स्वतः सांग, माझं नाव पुढे करू नकोस. ते रागावतील, दोन रविवार येणार नाहीत कदाचित.

प्रभूमध्ये तुझा,
अण्णा